गावशीव आणि बाजारशीव : चापेकरांच्या ‘बदलापूर’च्या संदर्भात घोटीच्या इतिहासलेखनाचा विचार

प्रस्तावना

मराठी इतिहासलेखनात राज्ये, लढाया आणि मुत्सद्दी यांना जेवढी जागा मिळाली तेवढी गावांना मिळाली नाही. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि राजवाडे यांच्या प्रेरणेने गावोगावची दप्तरे उजेडात येऊ लागली. माळ्यावरचे रुमाल सुटले, मोडी कागद वाचले गेले. परंतु ज्या गावांतून हे कागद मिळाले त्या गावांचा इतिहास लिहिण्यासाठी त्यांचा उपयोग क्वचितच झाला. गाव हे साधनांचे उगमस्थान राहिले. अभ्यासाचा विषय झाले नाही.

या पार्श्वभूमीवर दोन ग्रंथ वेगळे उठून दिसतात. पहिला त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ (१९१५) आणि दुसरा नारायण गोविंद चापेकर यांचा ‘आमचा गाव : बदलापूर’ (१९३३). आत्रे महसूल खात्यात होते, चापेकर न्यायखात्यात. दोघांनाही गाव प्रथम सरकारी कामकाजातून भेटले आणि दोघेही त्या कामकाजाच्या पलीकडे पाहू शकले. तथापि आत्र्यांच्या ग्रंथातील गाव निनावी आहे. वतनदार, बलुतेदार, कुणबी, फिरस्ते यांच्या परस्परसंबंधांचा तो एक नमुना असून देशावरील कोणत्याही गावाच्या अंगाला तो कमीअधिक बसतो. चापेकरांच्या गावाला मात्र नाव आहे, शीव आहे आणि त्यातील घरे मोजता येतात. म्हणूनच स्वतःच्या गावाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला चापेकर अधिक जवळचे वाटतात.

प्रस्तुत लेखात चापेकरांच्या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासून ती नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील घोटी या गावाच्या संदर्भात कितपत उपयोगी पडेल याचा विचार केला आहे. या दोन गावांची सांगड केवळ सोयीची नाही. कल्याणला लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. आग्नेयेकडील फाटा बदलापूर, कर्जत करीत बोरघाट चढतो. ईशान्येकडील फाटा कसाऱ्यावरून थळघाट चढून इगतपुरी आणि घोटी गाठतो. एकाच रेल्वेने दोन्ही गावांना मुंबईशी जोडले. पण एक घाटाखाली राहिले आणि दुसरे घाटमाथ्यावर. या फरकातूनच दोन गावांच्या इतिहासाचे दोन वेगळे आराखडे संभवतात.

चापेकरांचे गाव

चापेकरांचा जन्म १८६९चा आणि मृत्यू १९६८चा. जवळजवळ शतकभराच्या आयुष्यात त्यांनी वाङ्मय, समाजशास्त्र आणि इतिहास या तिन्ही क्षेत्रांत लेखन केले. १९३४ साली बडोदे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. न्यायाधीशाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते बदलापुरास राहिले आणि या वास्तव्यातून ‘आमचा गाव’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

या ग्रंथाचे महत्त्व त्यातील माहितीच्या विपुलतेपेक्षा त्या माहितीच्या निवडीत आहे. गावाची प्राचीनता सिद्ध करणे हा स्थानिक इतिहासकाराचा पहिला मोह असतो. बदलापूरच्या बाबतीत तर नावातच या मोहाला जागा होती. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून ‘बदलापूर’ अशी व्युत्पत्ती आजही सर्रास सांगितली जाते. अशा व्युत्पत्तीवर एखाद्या ग्रंथाची उभारणी सहज झाली असती. चापेकरांनी मात्र आपले लक्ष समोर असलेल्या माणसांवर ठेवले. त्यांची वस्ती, जाती, व्यवसाय, आहार, पोशाख, सण, समजुती, बोलीतील शब्द यांना त्यांनी नोंदीच्या योग्यतेचे मानले. न्यायासनावर बसलेल्या माणसाला ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतील अंतर ठाऊक असते. ती सवय या लेखनात उतरलेली दिसते.

पुढे ‘पेशवाईच्या सावलीत’ (१९३७) या ग्रंथात त्यांनी हीच दृष्टी जुन्या जमाखर्चाच्या कागदांकडे वळवली. राजकारणाच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून बाजूला पडणाऱ्या या कागदांत वस्तूंचे भाव, मजुरी, घरखर्च आणि लग्नकार्याचा खर्च त्यांना दिसला. पेशवाईतील आर्थिक जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांना हा ग्रंथ अद्याप टाळता येत नाही. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले म्हणजे चापेकरांची भूमिका स्पष्ट होते. सामान्य माणसाने काय खाल्ले, काय नेसले आणि त्यासाठी किती मोजले, हा इतिहासाचा गाभा आहे, अशी ती भूमिका होय.

काळाने या ग्रंथाचे मोल वाढवले. १९३३चे ते गाव आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत विरून गेले असून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांचे ते मोठे उपनगर झाले आहे. आपण लिहिलेले वर्तमान एवढ्या लवकर इतिहासजमा होईल असे कोणत्याही लेखकाला वाटत नसते. स्थानिक इतिहासकाराने आज टिपलेली साधी नोंद पन्नास वर्षांनी एकमेव साधन ठरू शकते, हा या ग्रंथाने नकळत दिलेला धडा आहे.

‘आमचा’ या शब्दाची व्याप्ती

या ग्रंथाच्या नावातील ‘आमचा’ हा शब्द आपुलकीचा आहे आणि त्याच्या मर्यादाही त्याच शब्दात दडलेल्या आहेत. ‘आमचा’ म्हटले की कोणाचा, हा प्रश्न येतो. शिकलेला, उच्चवर्णीय, निवृत्तिवेतनावर जगणारा लेखक जेव्हा गावाला ‘आमचा’ म्हणतो तेव्हा तो गावात असतो, पण गावातील श्रमाच्या व्यवहाराबाहेर असतो. वर्णन करणारा आणि वर्णिला जाणारा यांच्यातील हे अंतर चापेकरांच्या हेतूविषयी शंका न घेताही मान्य करावे लागते. डोंगरकडेच्या कातकरी, ठाकूर यांच्यासारख्या समाजांच्या चालीरीती अशा लेखनात येतात त्या बहुधा पाहिलेल्या गोष्टी म्हणून. त्या समाजांनी गावाकडे कसे पाहिले हे त्यात येऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा चौकटीची आहे. ग्रामवर्णनाची चौकट गावशिवेने आखलेली असते. शिवेच्या आत जो राहतो तो मोजला जातो. हंगामापुरता येणारा मजूर, आठवड्यातून एकदा येणारा विक्रेता, शिवेवरून जाणारा गाडीवान हे सर्व त्या मोजणीतून निसटतात. शेतीप्रधान, स्थिर वस्तीच्या गावासाठी ही चौकट बऱ्याच अंशी पुरेशी असते. परंतु ज्या गावाचे अस्तित्वच येणाऱ्या-जाणाऱ्यांवर उभे आहे, त्याचे काय? घोटीचा विचार येथून सुरू होतो.

घोटी : शिवेत न मावणारे गाव

घोटीचे अधिकृत नाव ‘घोटी बुद्रुक’ आहे. ‘बुद्रुक’ हा फार्सी ‘बुजुर्ग’ शब्दाचा मराठी अवतार; जोडगावांपैकी थोरले ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. नावाचा हा शेपटा महसुली कारभाराची खूण आहे आणि तो गावाच्या वयापेक्षा त्याच्या विभागणीविषयी अधिक सांगतो. २०११च्या जनगणनेने घोटीची गणना ‘जनगणना-शहर’ या वर्गात केली. पाच हजारांहून अधिक वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, अशी या वर्गाची कसोटी आहे. कारभार ग्रामपंचायतीचा आणि जनगणनेत नोंद शहराची, अशी ही दुहेरी ओळख आहे. त्यातही विशेष हे की बहुसंख्य कर्त्या पुरुषांचा चरितार्थ शेतीबाहेर चालणाऱ्या या गावाची ख्याती शेतमालाच्या, त्यातही भाताच्या व्यापारासाठी आहे.

या विसंगतीचे उत्तर भूगोलात आहे. इगतपुरी तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर असून येथील पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाते. खाचरांतून भात आणि माळावर नागली, वरई, खुरासणी ही येथील पिके. राब भाजण्यापासून आवणीपर्यंत आणि कापणीपासून झोडणीपर्यंत भाताचे प्रत्येक काम माणसांच्या हातांवर अवलंबून असते. हे भात विकण्यासाठी आणि भरडण्यासाठी जेथे उतरते ते ठिकाण घोटी. मुंबई-आग्रा रस्ता, सिन्नरकडे जाणारा रस्ता, भंडारदरा-राजूरवरून कोल्हारकडे जाणारा रस्ता आणि वैतरणा परिसरातून त्र्यंबककडे जाणारा रस्ता, असे चार मार्ग येथे एकत्र येतात. शेजारून लोहमार्ग जातो. १८६५ साली थळघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरवण्याची निकड हळूहळू संपली. गावाजवळ स्थानक आणि सभोवती भाताचा मुलूख, यांच्या संयोगातून व्यापाराचे गाव घडते.

चीनमधील ग्रामीण बाजारपेठांचा अभ्यास करताना जी. विल्यम स्किनर यांनी १९६४-६५ साली असा सिद्धान्त मांडला की शेतकऱ्याचे सामाजिक जग त्याच्या गावापुरते नसते. तो ज्या बाजाराला जातो त्या बाजाराच्या परिघाएवढे ते असते. सोयरीक, कर्ज, बातमी, वैद्य, मध्यस्थ हे सर्व त्या परिघात सापडते. या विचाराच्या आधारे घोटीसाठी ‘गावशीव’ सोडून ‘बाजारशीव’ ही अभ्यासाची कक्षा मानणे उचित ठरेल. ही शीव इगतपुरी तालुक्यापुरती थांबत नाही. भंडारदऱ्याच्या रस्त्याने ती कळसूबाईच्या पायथ्याशी असलेल्या बारीच्या खिंडीतून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात उतरते. जिल्ह्यांच्या हद्दींनी तोडलेला हा मुलूख बाजाराने जोडलेला आहे.

कक्षा बदलली की प्रश्नही बदलतात. याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी महादेव कोळ्यांना संघटित करून सावकारी आणि इंग्रजी अंमल यांविरुद्ध उठाव केला. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गावशिवेच्या इतिहासात हा उठाव देवगावच्या वाट्याला जातो आणि घोटीचा इतिहासकार त्याला परका मानतो. बाजारशिवेच्या इतिहासात मात्र धान्य, कर्ज आणि व्याज यांचा प्रवाह कोठून कोठे वाहत होता, हा प्रश्न मध्यवर्ती होतो आणि उठावाची कारणे त्या प्रवाहात शोधावी लागतात. सरकारी कागदांत दरोडेखोर आणि लोकस्मृतीत क्रांतिवीर, अशा दोन प्रतिमांपैकी कोणती व्यापाऱ्यांच्या गावात रुजली, हाही मग तपासण्याजोगा विषय ठरतो.

दुसरे उदाहरण पाण्याचे. दारणा धरण १९१६ साली, प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली आणि ऊर्ध्व वैतरणा धरण १९७३ साली पूर्ण झाले. दारणेचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांना मिळाले, भंडारदऱ्याच्या पाण्याने प्रवरेकाठचा ऊस पोसला आणि वैतरणेचे पाणी मुंबईस गेले. पाऊस पडला येथे, जमीन बुडाली येथली आणि ओलित झाले दूरचे. प्रत्येक धरणाबरोबर काही वस्त्या उठल्या. उठलेली माणसे कोठे गेली, त्यांच्यापैकी किती हमालीला, गिरण्यांत किंवा रस्त्याच्या कामावर आली, याचा शोध कोणत्याही एका गावाच्या इतिहासात बसत नाही. बाजाराच्या गावाच्या इतिहासात मात्र तो बसलाच पाहिजे.

हीच प्रक्रिया नव्या रूपात चालू आहे. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३मध्ये, भरवीर ते इगतपुरी हा टप्पा मार्च २०२४मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. चार रस्त्यांच्या मिलनावर वाढलेल्या गावाशेजारून पाचवा, प्रवेश नियंत्रित असलेला मार्ग गेला. जुना रस्ता वाहनाला बाजारात थांबवीत असे. नवा रस्ता त्याला बाजार न दाखवता पुढे नेतो. या बदलाची नोंद आजच ठेवली गेली नाही तर उद्याच्या अभ्यासकाला केवळ भूसंपादनाची अधिसूचना हाती लागेल.

आख्यायिका, दुर्ग आणि तारखा

घोटीच्या परिसरात इतिहासकाराला भुरळ घालणारी स्थळे विपुल आहेत. कावनईचा किल्ला आणि कपिलधारा तीर्थ, जटायूच्या कथेशी जोडलेले सर्वतीर्थ टाकेद, त्रिंगलवाडीचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे जैन लेणे ही त्यांपैकी प्रमुख होत. सिंहस्थाचे मूळ स्थान कावनई, असे स्थानिक परंपरा सांगते. गावाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण या स्थळांना देण्याची रूढी आहे आणि बहुधा तेच प्रकरण सर्वांत लांब असते.

या रूढीत दोन दोष संभवतात. पहिला असा की शेजारच्या स्थळांचे वैभव बाजाराच्या गावाने उसने घेतलेले असते. त्यातून घोटी घोटीच का झाली याचा उलगडा होत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आख्यायिका खरी की खोटी, या एकाच कसोटीवर ती स्वीकारली किंवा झिडकारली जाते. जटायू नेमका कोठे पडला हे सांगणारी स्थळे आंध्रात लेपाक्षीला आणि केरळातही आहेत. तेथे वाद घालण्यात इतिहासाचे काम नाही. ही कथा टाकेदशी लिखित स्वरूपात प्रथम केव्हा जोडली गेली, तेथील यात्रेला कोणत्या गावांचे लोक येतात, यात्रेतील दुकानांचा बाजाराशी कोणता संबंध आहे, हे प्रश्न मात्र उत्तरे देऊ शकतात. तीर्थाचा परीघ आणि बाजाराचा परीघ एकमेकांवर ठेवून पाहिल्यास आख्यायिकाही सामाजिक इतिहासाचे साधन बनते.

दुर्गांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १८१८ साली त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर परिसरातील अनेक किल्ले पाठोपाठ त्यांच्या ताब्यात गेले. स्थानिक इतिहास येथे थांबतो. किल्ला ओस पडल्यावर तेथील शिबंदीचे काय झाले, किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठेचा व्यापार कोठे सरकला, हे विचारले जात नाही. गडाच्या छायेतील वस्ती उतरणीला लागणे आणि रस्त्याकाठची वस्ती वाढणे, या दोन घटनांचा संबंध असण्याचा संभव मोठा आहे. तो सिद्ध करण्यास लागणारा पुरावा बुरुजांत सापडणार नाही. तो महसुली कागदांत शोधावा लागेल.

कागदांचा प्रश्न

१८८३ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड हा या प्रदेशाच्या प्रत्येक अभ्यासकाचा पहिला आधार आहे. कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या या खंडाची योग्यता निर्विवाद असली तरी तो राज्यकर्त्यांच्या गरजेतून लिहिला गेला हे विसरता येत नाही. सारा, रस्ते, लढाऊ जाती, गडकोट यांना त्यात जेवढे स्थान आहे तेवढे मजुराच्या दिवसाला नाही. स्थानिक इतिहासकार अनेकदा या खंडातील मजकुराचे मराठी रूपांतर करतो, त्याला देवळांची यादी जोडतो आणि शेवटी मान्यवरांची नामावली देतो. त्यातून ग्रंथ होतो. इतिहास होत नाही.

बाजाराच्या गावाची खरी साधने वेगळी आहेत. अडतीच्या पेढ्यांच्या चोपड्या, शेतकऱ्याला दिलेल्या पट्ट्या, भातगिरण्यांचे हिशोब, बाजार समितीची इतिवृत्ते, हमाल-मापाऱ्यांच्या स्मृती, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची पुस्तके आणि शाळांची जनरल रजिस्टरे ही ती साधने होत. चापेकरांनी जमाखर्चाच्या कागदांतून पेशवाईतील जीवन उभे केले. भातगिरणीच्या हिशोबातून विसाव्या शतकातील घोटी उभी करता येईल. पायलीचे माप जाऊन किलोचे केव्हा आले, कणी आणि कोंडा कोण घेत असे, उधारी कोणत्या सणाला फिटत असे, या तपशिलांतून गावाचे नाते त्याच्या शिवारापलीकडील माणसांशी जोडले जाते.

या कागदांची जपणूक हा केवळ विद्वत्तेचा विषय नाही. अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. महादेव कोळी, ठाकूर अशा समाजांतील विद्यार्थ्याला जातवैधतेसाठी त्या तारखेपूर्वीच्या नोंदीचे वजन फार मोठे असते. आजोबाचे नाव शाळेच्या कोणत्या रजिस्टरात, कोणत्या जातीच्या रकान्यात आहे यावर नातवाचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून राहते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा जुनी दप्तरे आणि मोडी वाचणारी माणसे यांची गरज अवघ्या महाराष्ट्राला एकाएकी जाणवली. ज्यांच्या घरात दप्तर आहे त्यांचा भूतकाळ सिद्ध होतो. ज्यांच्या घरात ते कधीच नव्हते त्यांचा भूतकाळ सार्वजनिक नोंदवह्यांत असतो आणि त्या वह्या वाळवीच्या तोंडी पडलेल्या असतात. अशा वेळी स्थानिक इतिहासकार कोणते कागद पाहतो आणि कोणते ‘क्षुल्लक’ म्हणून बाजूला सारतो, हा निर्णय नैतिकही ठरतो.

येथे एक धोका नोंदवणे आवश्यक आहे. जनरल रजिस्टरातील जातीचा रकाना भरणारा शिक्षक अनेकदा बाहेरून आलेला असे आणि त्याने ऐकलेले नाव हेच समाजाचे नाव ठरत असे. ‘कोळी’ आणि ‘महादेव कोळी’ यांतील अंतर त्याच्या लेखणीला महत्त्वाचे वाटले नसेल. आज त्या एका शब्दावर हक्क उभा असतो. म्हणून अशा नोंदी वाचताना ती कोणी, कोणाला विचारून आणि कशासाठी केली हे तपासणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. चापेकरांची न्यायाधीशाची दृष्टी येथे पुन्हा उपयोगी पडते. फक्त त्या दृष्टीने साक्षीदाराबरोबर लेखनिकाचीही उलटतपासणी घेतली पाहिजे.

निष्कर्ष

चापेकरांच्या ‘बदलापूर’ने मराठी स्थानिक इतिहासलेखनाला मोजण्याची शिस्त आणि सामान्य जीवनाविषयी आदर या दोन गोष्टी दिल्या. घोटीसारख्या गावाचा इतिहास लिहिताना या दोन्ही अपरिहार्य आहेत. परंतु त्यांची गावशिवेची चौकट घोटीला अपुरी पडते. घोटी जेवढी तेथे राहणाऱ्यांनी घडवली तेवढीच तेथे भात घेऊन येणाऱ्यांनी, ओझी वाहणाऱ्यांनी, धरणाखालून उठून आलेल्यांनी आणि संध्याकाळी रिकामी पिशवी किंवा भरलेली पिशवी घेऊन डोंगराकडे परतणाऱ्यांनी घडवली. यांपैकी बहुतेकांची नावे गावाच्या मतदारयादीत नाहीत.

हे कार्य एकट्या अभ्यासकाच्या आवाक्यातील नाही. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मराठी आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे ते आहे आणि त्यासाठी ग्रामीण महाविद्यालयाइतके योग्य स्थान दुसरे नाही. विद्यार्थी ज्या वाड्यापाड्यांतून येतात ती गावेच बाजारशिवेची गावे आहेत. त्यांच्या आजीआजोबांच्या आठवणी, घरातील जुन्या पट्ट्या आणि शाळांतील रजिस्टरे यांची पद्धतशीर नोंद झाली तर प्रकल्पासाठी दरवर्षी लिहिल्या जाणाऱ्या कागदांना अर्थ येईल. चापेकरांनी एका गावाला ‘आमचा’ म्हटले. घोटीच्या इतिहासकाराला हा शब्द वापरायचा असेल तर त्याची शीव बारीच्या खिंडीपलीकडे न्यावी लागेल.